झोपेत दात कोणावर खाता?

"काल रात्री कोणावर दात खात होतात?" चहाचा कप पुढे सरकवत बायकोने विचारलं. मी म्हटलं, कोणावर खाणार, मी तर गाढ झोपलो होतो. त्यावर ती म्हणाली की ओल्या वाळूवरून होडी ओढताना खालच्या फळ्या करकरतात तसा आवाज तुमच्या तोंडातून येत होता आणि तो आज पहिल्यांदा आलेला नाही. आम्ही कळंबचे. धाराशिवचं कळंब वेगळं, यवतमाळचं वेगळं. आमचं नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र असलेलं. होडीच्या फळ्या कशा करकरतात हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही मी ते हसण्यावारी नेलं.

पुढे काही महिन्यांनी आगाशीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, खात होतो. दाताखाली खडा आला. केळ्यात खडा कुठून आला म्हणून हातावर घेऊन पाहिला, तर माझ्याच दाढेचा कोपरा. सुकेळीने दाढ तुटते हे कोणाला सांगायचीही चोरी. दाताच्या डॉक्टरांनी आरशात माझे पटाशीचे दात मला दाखवले. खालची कड सपाट झाली होती, कानसीने घासल्यासारखी. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरात कोणी सांगितलं नाही का?" सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

हा लेख त्या न ऐकणाऱ्यांसाठी आहे आणि त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांसाठीही.

पहिली अडचण आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे. मराठीत माणूस रागावला की दातओठ खातो. त्यामुळे झोपेत दात खाणाऱ्याच्या मनात काहीतरी राग दडलेला असणार, असं घरातले धरून चालतात. सासूबाई सुनेकडे बघतात, सून नवऱ्याकडे. आमच्या वसईतल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कानावर हे शब्द दुसऱ्या वाटेनेही येतात. मत्तयच्या शुभवर्तमानात दात खाण्याचा उल्लेख सहा वेळा येतो आणि त्यांपैकी तीन वेळा तो बाहेरच्या अंधारात टाकलेल्यांच्या संदर्भात. म्हणजे तिथेही ही खूण शिक्षेची आणि पश्चात्तापाची. डॉक्टरांच्या जगातही या प्रकाराला नाव मिळालं ते मनाच्या आजारासारखं. १९०७ मध्ये मारी आणि पिएत्कीविच या फ्रेंच लेखकद्वयाने त्याला 'ब्रुक्सोमनी' म्हटलं, म्हणजे दात घासण्याचं वेड. 'ब्रुक्सिझम' हा आजचा शब्द १९३१ मध्ये फ्रोमन यांच्या लेखनात आला. मधल्या काळात दोष दातांच्या ठेवणीवर गेला: वरचे-खालचे दात नीट बसत नाहीत म्हणून जबडा ते घासून सपाट करायला बघतो, असा समज. त्या समजापायी कित्येकांचे चांगले दात खुर्चीत बसवून तासले गेले.

झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये माणसं रात्रभर तारा लावून झोपू लागली, तेव्हा चित्र बदललं. आपली झोप सलग नसते. तिच्यात तीन ते पंधरा सेकंदांच्या लहानलहान अर्धजागृती येतात आणि सकाळी आपल्याला त्यातली एकही आठवत नाही. अशी अर्धजागृती आली की आधी शरीराची सावध करणारी यंत्रणा चाळवते, मेंदूच्या लहरी वेगावतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि शेवटी चावण्याचे स्नायू आवळले जातात. साधारण सेकंदाला एकदा, घास चावल्यासारखे. हे मुख्यतः हलक्या झोपेत घडतं. म्हणजे सूत्रं मेंदूकडे आहेत, दात फक्त मार खातात. विशेष म्हणजे जबड्याची ही हालचाल आवाज न करता झोपणाऱ्या निम्म्याहून जास्त निरोगी माणसांतही दिसते. आपल्यासारख्यांत ती जास्त वेळा होते, जास्त जोरात होते आणि दातावर दात घासला जातो, एवढाच फरक. म्हणूनच २०१८ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलं की एरवी निरोगी असलेल्या माणसात याला रोग म्हणू नये. ती स्नायूंची एक हालचाल आहे आणि ती कधी अपायकारक ठरते, कधी नाही. मला हे वाचून मोठा दिलासा मिळाला. बायकोला तेवढा मिळाला नाही, कारण आवाज तोच होता.

मोठ्या माणसांत शंभरांपैकी आठ ते तेरा जण झोपेत दात खातात असं वेगवेगळ्या पाहण्यांत आढळलं आहे. मुलांत प्रमाण त्याहून जास्त, म्हातारपणी कमी. घराण्यातही चालतं: माझे वडील खात असत हे मला आईने नंतर सांगितलं.

जोर किती लागतो हे ऐकून मात्र मी गप्प झालो. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी झोपेतल्या चाव्याचा दाब मोजला. प्रत्येकाच्या सगळ्यात जोराच्या चाव्याची सरासरी ४२ किलो भरली आणि एकाने तर ८१ किलोपर्यंत मजल मारली. जागेपणी आपण फार जोराने चावायला गेलो तर दुखतं म्हणून थांबतो. झोपेत तो लगाम सैल असतो. दिवसभरात जेवताना आणि गिळताना मिळून वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतात ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. बाकी वेळ त्यांच्यामध्ये दोन-चार मिलिमीटरची फट असायला हवी. दाताचं वरचं कवच शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू आहे, पण त्यात जिवंत पेशी नाहीत. हाड जुळतं, कातडी भरून येते. हे कवच गेलं की गेलं. खालचा पिवळसर थर उघडा पडला की दात शिवशिवू लागतात आणि तो थर मऊ असल्याने झीज आणखी वेगाने होते.

आरशासमोर पाच मिनिटं

शेजारी झोपणारं माणूस हे सगळ्यात चांगलं यंत्र. एकटे झोपत असाल तर फोनमध्ये रात्रभराचा आवाज टिपणारं ॲप चालतं, दोन-तीन रात्री पुरे. पण कित्येक जण दात घासत नाहीत, नुसते आवळून धरतात. त्यांचा आवाजच येत नाही. त्यांच्यासाठी आरसा.

सकाळी उठल्या उठल्या कानशिलं ठणकतात का, जबडा जड वाटतो का, तोंड उघडताना कानापुढे 'कट' वाजतं का, ते आठवून बघा. खास करून दुखणं सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत ओसरणारं असेल तर संशय घ्यायला हरकत नाही. मग दिवा लावून तोंड उघडा. जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटून झालर आली आहे का? गालाच्या आतून, दात मिटतात त्या रेषेवर पांढरी वळी आहे का? सुळ्यांची टोकं बोथट झाली आहेत का? गालांवर हात ठेवून दात आवळा. कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यावर जो स्नायू फुगून वर येतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. रोज रात्री तालीम करणाऱ्याचा तो पैलवानाच्या दंडासारखा होतो आणि चेहरा खालच्या बाजूला चौकोनी दिसू लागतो. भरलेलं सिमेंट किंवा कॅप पुन्हा पुन्हा निघते, तीही एक खूण.

इथे आमच्या किनारपट्टीची एक गोष्ट सांगायलाच हवी. दात झिजलेला दिसला म्हणजे तो रात्री खाल्लाच असेल असं नाही. बऱ्याच घरांत वयस्क बायका अजून मिसरी लावतात; कोणी राखेने, कोणी मिठाने दात घासतं. ती झीज बहुधा दातांच्या पुढच्या बाजूला, हिरडीजवळ खाचेसारखी असते. कोकम, चिंच, कैरी आणि बाटलीतली शीतपेयं यांच्या आंबटाने, किंवा पित्त वर येत असेल तर त्याने, कवच मऊ पडतं आणि वाटीसारखे खळगे पडतात. रात्रीच्या घासण्याने मात्र सपाट, चकचकीत पृष्ठभाग तयार होतो आणि वरच्या दाताची झीज खालच्याशी बरोबर जुळते. अनेकांच्या तोंडात हे तिन्ही एकत्र नांदतात. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. साध्या पाण्याने खळखळून चुळा भरा आणि अर्धा तास थांबा.

झोप कोण मोडतं?

दात खाणं थांबवायचं औषध अजून कोणाकडे नाही. ही गोष्ट आधी पक्की समजून घ्या, म्हणजे 'सात दिवसांत गॅरंटी'वाल्यांकडे पैसे जाणार नाहीत. आपल्या हातात आहे ते असं: झोप मोडणाऱ्या गोष्टी कमी करायच्या आणि दात वाचवायचे.

झोप मोडणाऱ्या गोष्टींत घोरणं पहिलं घ्यावं. काही घोरणाऱ्यांचा झोपेत घसा मिटून श्वास थांबतो, मेंदू दचकून जागं करतो, श्वास परत सुरू होतो. असं एका तासात अनेकदा होणाऱ्या माणसांत दात खाणंही आढळतं. दोघांचा संबंध सगळ्यांत सारखा नसतो, पण तपासल्याशिवाय राहू नये, कारण श्वास थांबणं हे दात झिजण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की दिवसा झोप येणं हे त्याचं लक्षण. आता विरार लोकलमध्ये हे लक्षण कसं ओळखायचं? विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. बसायला जागा मिळालेला प्रत्येक जण बोरिवलीच्या आत डुलक्या घेत असतो. पहाटे फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन दादरला जाणाऱ्या बायकांना तर झोप मिळतच नाही. तेव्हा मी सुट्टीचा दिवस मोजायला सांगेन. शनिवार-रविवारी सात-आठ तास पुरते झोपूनही दुपारी जेवणाआधीच डोळे मिटत असतील, रात्री घोरणं मोठं असेल, मध्येच श्वास अडकल्याचं घरच्यांनी पाहिलं असेल, सकाळी तोंड कोरडं पडत असेल, तर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन झोपेची तपासणी करून घ्या.

दारू हे दुसरं. एक-दोन पेगांनी झोप लवकर लागते, हे खरं. पण रात्रीच्या दुसऱ्या भागात तीच झोप चाळणीसारखी होते आणि जास्त पिणाऱ्यांत दात खाण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं आहे. माडी-ताडीला यातून सूट नाही. सिगारेट, विडी ओढणाऱ्यांतही तसंच, जवळजवळ दुप्पट. निकोटिन मेंदूला जागं ठेवतं. म्हणून तंबाखूची गोळी गालात धरून झोपणाऱ्यांनी आपण धूर काढत नाही या समाधानात राहू नये. चहा-कॉफीबद्दल एवढंच की दुपारनंतरचा कप बंद करून दोन आठवडे बघा. मला संध्याकाळचा चहा सोडणं दारू सोडण्यापेक्षा जड गेलं.

औषधांविषयी जरा जपून. नैराश्य आणि चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन, सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत दात खाणं सुरू होऊ शकतं. असं वाटलं तर ज्यांनी गोळी दिली त्यांना सांगा. मात्रा कमी करणं किंवा औषध बदलणं त्यांना जमतं. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. दात झिजण्यापेक्षा ते कितीतरी धोक्याचं आहे.

आणि ताण? आहे, पण तो जागेपणीच्या आवळण्यात जास्त दिसतो. तो भाग पुढे येईल.

उरला आवाज आणि उजेड. कळंब-राजोडीच्या किनाऱ्यावर शनिवारी रात्री काय चालतं ते इथल्यांना माहीत आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. अपवाद सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या दिवसांचा. झोपेतल्या माणसाला गाणं ऐकू येत नसलं तरी त्याचा मेंदू ऐकतो. आम्ही समुद्राकडची खिडकी सोडून आतल्या खोलीत झोपू लागलो. मे महिन्यात वीज जाते, पंखा बंद पडतो, डास येतात. तिथे माझ्याकडे सल्ला नाही, मच्छरदाणी आहे.

'न' म्हणा आणि थांबा

रात्री ताबा नसतो, दिवसा असतो. दिवसभरात आपण किती वेळा दात आवळतो ते कोणालाच ठाऊक नसतं. मी मोजायचं ठरवलं. फोनच्या मागे लाल टिकली चिकटवली, एक बायकोच्या आरशावर, एक स्कूटरच्या हँडलवर. टिकली दिसली की तपासायचं: दात टेकले आहेत का? पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक वेळी टेकलेले होते. गर्दीत दांडी धरून उभं असताना, फलाट बदलल्याची घोषणा ऐकताना, खड्ड्यातून स्कूटर काढताना, पैसे गेले की अडकले याची वाट बघत फोनकडे टक लावून बसलेलं असताना. हार ओवणारी, सुईकाम करणारी, डोक्यावर टोपली उचलणारी माणसं हमखास आवळतात.

आवळलेलं लक्षात आलं की करायचं काय? 'न' म्हणा आणि तिथेच थांबा. जिभेचं टोक आपोआप वरच्या दातांच्या मागे टेकतं आणि दात विलग होतात. आता ओठ अलगद मिटा, नाकाने श्वास घ्या, खांदे खाली सोडा. जबड्याची विसाव्याची जागा ती हीच. दिवसातून वीस-तीस वेळा, तीन-चार आठवडे. रात्रीचं घासणं याने थांबेल असं मी म्हणणार नाही. पण दिवसभर शिणलेला स्नायू रात्री त्याच शिणवट्यावर पुन्हा कामाला लागत नाही आणि सकाळची कानशिलं हलकी होतात. माझी तरी झाली.

झोपायच्या आधी गरम पाण्यात टॉवेल बुडवून पिळून दोन्ही गालांवर दहा-पंधरा मिनिटं धरा, मग तो फुगणारा स्नायू दोन बोटांनी गोल गोल चोळा. कानशिलंही. जोर लावू नका. 'कट' वाजतं म्हणून जबडा वेडावाकडा करून पुन्हा पुन्हा वाजवून बघायची खोड असते, ती सोडा. दुखत असेल त्या दिवसांत च्युइंगगम, सुपारी, चिकट चिक्की नको. चिंबोरीच्या नांग्या दातांनी फोडायच्या नाहीत, त्याला वरवंटा आहे.

नाइट गार्ड: कोणता, कसा

दात झिजायला लागले असतील किंवा तुटत असतील तर नाइट गार्ड लागतोच. तो घासणं थांबवत नाही. तो मध्ये पडतो आणि दातांऐवजी स्वतः झिजतो. मोटारसायकलवाल्याला हेल्मेट समजावून सांगतात, तेच इथे: अपघात टळत नाही, डोकं वाचतं.

दाताचे डॉक्टर तुमच्या दातांचं माप घेतात, त्यावरून प्रयोगशाळेत कडक ॲक्रिलिकचा, बहुधा वरच्या सगळ्या दातांवर बसणारा गार्ड बनतो. मग तोंडात घालून रंगीत कागद चाववून बघतात. जिथे एकाच दातावर भार येतो तिथे घासून सगळीकडे सारखा बसवतात. ही दुसरी पायरी महत्त्वाची आहे. माप दिलं, आठवड्याने डबी हातात आली आणि 'वापरा' म्हणून घरी पाठवलं, तर परत जाऊन ती पायरी मागून घ्या. माझा पहिला गार्ड असाच आला होता. पंधरा दिवस एकच दाढ दुखत राहिली.

बाजारात उकळत्या पाण्यात मऊ करून आपणच चावून बनवायचे रबरी गार्ड मिळतात. स्वस्त आहेत. चार-आठ दिवसांची सोय म्हणून चालतील. पण मऊ वस्तू तोंडात आली की काही जणांचा जबडा ती चघळायला लागतो. एका जुन्या छोट्या प्रयोगात दहांपैकी पाच जणांत मऊ गार्डने स्नायूंचं काम उलट वाढलं, तर कडक गार्डने दहांपैकी आठ जणांत घटलं. फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारे छोटे गार्ड नेहमीसाठी घेऊ नका. मागच्या दाढा सरकून चावा बिघडू शकतो. आणि घोरण्याचा संशय असेल तर गार्डच्या आधी झोपेची तपासणी, कारण वरच्या गार्डने काहींचं श्वास अडकणं वाढल्याचं दिसलं आहे. अशांसाठी खालचा जबडा थोडा पुढे धरणारं वेगळं साधन असतं. त्याने घोरणं आणि दात खाणं दोन्ही कमी होऊ शकतं.

सुरुवातीला लाळ सुटते, बोलताना बोबडं वाटतं, रात्री नकळत काढून उशाखाली ठेवला जातो. आठवडाभरात सवय होते. सकाळी गार पाण्याखाली मऊ ब्रशने, साध्या साबणाने धुवा. गरम पाणी लागलं की आकार बिघडतो. भोकं असलेल्या डबीत ठेवा, हवाबंद डबीत वास येतो. कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका. कित्येक गार्ड तसेच कचऱ्यात जातात. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना तो बरोबर न्या. गार्डवरचे ओरखडे पाहून किती आणि कुठल्या बाजूला खाता ते कळतं. कॅप, ब्रिज किंवा इम्प्लांट करून घेणार असाल तर मी रात्री दात खातो हे आधीच सांगा. त्यावरून कॅप कशाची करायची हे ठरतं.

अलीकडे जबड्याच्या स्नायूत बोटॉक्सची सुई देतात. स्नायूची ताकद तीन-चार महिने कमी होते, दुखणं कमी होऊ शकतं. पण जबडा आवळण्याची मेंदूची आज्ञा तशीच येत राहते. खर्चिक आहे, पुन्हा पुन्हा घ्यावी लागते, चावताना अशक्तपणा येतो. बाकी उपाय करून झाल्यावरच विचार करावा. आणि 'चावा जुळवायला' चांगले दात तासून देतो असं कोणी म्हणालं, तर खुर्चीवरून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पोरांचं वेगळं

"पोटात जंत झालेत, म्हणून दात खातो." हे वाक्य प्रत्येक मराठी आजीने म्हटलेलं आहे. जंत आणि दात खाणं यांचा पक्का संबंध सिद्ध झालेला नाही. जंताची गोळी द्यायलाच हवी. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, १० फेब्रुवारीला, शाळा-अंगणवाड्यांत ती मिळते, चुकवू नका. ती मुलाच्या पोषणासाठी आहे. गोळीनंतरही दात खाणं चालू राहिलं म्हणून दुसरी, तिसरी गोळी देत बसू नका.

तीन ते दहा वर्षांच्या मुलांत दात खाणं फार आढळतं आणि बहुतेकांचं कायमचे दात येता येता आपोआप थांबतं. दुधाचे दात थोडे झिजले तर घाबरायचं नाही, ते पडणारच आहेत. जबडा वाढत असतो, त्यामुळे सहसा गार्डही देत नाहीत. पण मूल घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का, सारखी सर्दी असते का, दिवसा चिडचिडं किंवा सुस्त असतं का, ते बघा. नाकामागच्या किंवा घशातल्या गाठी वाढलेल्या असतील तर श्वास अडतो. त्यांवर उपचार झाल्यावर कित्येक मुलांचं दात खाणं कमी होतं. झोपण्याच्या तासभर आधी फोन काढून घ्या. परीक्षेच्या दिवसांत आवाज वाढला तर मुलाला रागावू नका आणि पाहुण्यांसमोर त्याची नक्कलही करू नका.

थांबू नये अशा वेळा

तोंड दोन बोटं मावतील एवढंही उघडत नसेल, जबडा उघडा राहून अडकला असेल, दाताला तडा जाऊन चावताना कळ येत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. जबडा अडकला असेल तर त्याच दिवशी. जागेपणी, इच्छेविरुद्ध, तोंड सारखं चावल्यासारखं हलत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे. आणि चालताना, जिना चढताना जबड्यात कळ येऊन छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर ते दातांचं दुखणं नव्हे. गार्डचा विचार सोडून थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, ते हृदयाचं असू शकतं.

आमच्या गावाजवळ नालासोपारा, वसई, विरारमध्ये दाताचे दवाखाने पुष्कळ आहेत आणि गार्ड बहुतेक ठिकाणी बनतो. खर्च परवडत नसेल किंवा दुसरं मत हवं असेल तर मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रल स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नालासोपाऱ्याहून गाडी बदलावी लागत नाही. शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. सकाळी लवकर पोहोचा. जुने एक्सरे, चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि असेल तर जुना गार्ड बरोबर घ्या. जमल्यास शेजारी झोपणाऱ्या माणसालाही न्या. रात्री काय घडतं ते त्यांनाच माहीत असतं.